मुंग्या येणे

१२ जानेवारी, रविवार

प्रवासाविषयी तक्रार करण्यासारखे काहीही घडले नाही. माझ्या वयात ही आनंदवार्ताच मानावी. नाशिकरोडहून निघालेली जीप वणी रस्त्याला लागली आणि दिंडोरी मागे पडल्यावर दोन्ही अंगांना द्राक्षांचे मांडव सुरू झाले. फाट्यावर शुभांगी उभी होती. ही माझ्या धाकट्या भावाची मुलगी. मुंग्यांवर संशोधन करते, आणि माणसांशी बोलताना आवाज असा लावते की समोरचा आपोआप रांगेत उभा राहतो. तिने माझी पिशवी हिसकावून घेतली, मी वाळले आहे असे जाहीर केले आणि कारण विचारण्याआधी उपाय सांगून मोकळी झाली.

तिचे बिऱ्हाड निवृत्ती नावाच्या बागाईतदाराच्या बागेच्या टोकाला आहे. तीन खोल्या, पुढे अंगण, अंगण संपते तिथे बाग आणि बागेपलीकडे शेततळे. मला पूर्वेची खोली मिळाली. खिडकीतून घड दिसतात, तेही वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेले. उन्हाने मण्यांचा रंग बिघडू नये म्हणून असा ‘पेपर लावतात’, हे निवृत्तींनी सांगितले. सांगितले म्हणजे मांडवाच्या दुसऱ्या टोकावरून ओरडून. त्यांचा धाकटा भाऊ गोरक्ष जवळच उभा होता. त्याने काही भर घालण्यासाठी तोंड उघडले. ते वाक्य निवृत्तींनीच पूर्ण केले, बहुधा चुकीचे, आणि गोरक्षने मान डोलावली.

मी आले आहे ते एका कामासाठी. शुभांगीचा निबंध एका नियतकालिकाने ‘युक्तिवाद अपुरा’ असा शेरा मारून परत केला. मी आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवले. तेव्हा आत्याने तो निर्दयपणे तपासावा अशी तिची इच्छा. वाद जिंकण्याचाही एक थकवा असतो आणि तो माझ्या अंगात मुरला आहे. तरी भाचीला नकार देण्याइतकी मी थकलेली नाही. स्वयंपाकाला तानुबाई येतात. आमटी उत्तम होती.

१४ जानेवारी, मंगळवार

आमच्या घरी संक्रांत कधी नव्हती, पण तिळगूळ नाकारण्याइतकी मी कर्मठ नाही. निवृत्ती स्वतः घेऊन आले. गोड बोला म्हणाले आणि लगेच अंगणातूनच पेपर लावणाऱ्या बायांवर कडाडले. मग शुभांगीकडे वळून म्हणाले की त्यांच्या बापाने म्हशी पाळल्या, त्यांनी द्राक्षे पाळली, आणि ही बाई शिकून सवरून माश्या पाळते. शुभांगीने उत्तर दिले की म्हशींपेक्षा माश्या कमी ओरडतात, मालकांपेक्षा तर फारच कमी. दोघेही मनापासून हसले. ही एकाच जातीची माणसे आहेत.

निवृत्तींची अडचण खरी आहे. वेलींवर मिलीबग नावाची पांढरी कीड पडते. तिच्या अंगातून गोड चिकटा सुटतो आणि त्यासाठी मोठे काळे मुंगळे तिची राखण करतात. औषध मारले की माल परदेशी जात नाही. शुभांगी म्हणते, मुंगळ्यांचा बंदोबस्त करणारी एक माशी याच बागेत आहे.

ते तिने मला दाखवले. माझ्या वाट्याचा तिळगूळ तिने फरशीच्या तुकड्यावर कुस्करला. मुंगळे आले आणि त्यांनी फरशी व्यापली. बारीक तांबूस मुंग्या कडेला घुटमळत राहिल्या. एखादी पुढे आलीच तर मुंगळा तिला उचलून फेकी. थोड्या वेळाने तिळाहूनही लहान अशी एक माशी हवेत स्थिर झाली. त्याबरोबर मुंगळ्यांनी तोंडचे दाणे टाकले. काही जागीच डोके खाली घालून थिजले, बाकीचे बिळाकडे धावले. मग बारीक मुंग्या सावकाश फरशीवर चढल्या आणि गूळ नेऊ लागल्या. त्यांना कोणीही अडवले नाही.

“बघ आत्या,” शुभांगी म्हणाली, “एकालाही मारलं नाही तिनं. नुसती आली.”

हाच तिचा सिद्धान्त. माशी मारते थोड्यांना. पण तिच्या भीतीने बलवान घरात बसतात आणि राज्य दुबळ्यांकडे जाते. मी आक्षेप घेतला. माशीचे आगमन दिसते, मुंगळ्याची माघार दिसते. भीती दिसत नाही. जे दिसत नाही ते कारण म्हणून मांडू नये. तिने सांगितले की मी आयुष्यात कशालाच घाबरले नाही, म्हणून मला भीती दिसत नाही. हा युक्तिवाद नव्हे, व्यक्तीवरचा शेरा आहे, असे मी तिला समजावले.

१९ जानेवारी, रविवार

आज निबंधाचा दुसरा भाग वाचला. माशी मुंगळ्याच्या छातीत एकच अंडे घालते. अळी मानेतून डोक्यात शिरते आणि डोक्यातले सर्व खाऊन टाकते. या काळात मुंगळा चालतो, वळतो, वाटेत भेटलेल्यांशी मिशा लावतो. बाहेरून फरक दिसत नाही; फक्त तो भांडत नाही. शेवटी तो वारूळ सोडून ओल आणि सावली असेल तिथे जाऊन थांबतो. तिथे त्याचे डोके गळून पडते आणि त्या रिकाम्या डोक्यातून नवी माशी बाहेर येते. ‘मुंगळा जिवंत होता’ हे विधान नेमके कोठवर सत्य मानावे, असा प्रश्न मी समासात लिहिला आणि त्यावर स्वतःच खूश झाले.

तळटीपेत एक बारीक निरीक्षण आहे. अशा पोखरलेल्या मुंगळ्याच्या मानेपाशी बारीक मुंग्या आधीच येऊ लागतात. तो त्यांना हाकलत नाही. हे खूण म्हणून वापरता येते: जिथे मानेशी बारीक मुंग्या, तिथे डोके संपलेले. धुरावरून अग्नी ओळखावा, तसे. संपूर्ण निबंधात इतके निर्दोष अनुमान दुसरे नाही, आणि तिने ते तळटीपेत टाकले आहे.

चहाच्या वेळी शुभांगी म्हणाली की हल्ली सकाळी मानेला मुंग्या येतात. तासन्‌तास सूक्ष्मदर्शकावर वाकून बसल्यावर दुसरे काय होणार, असे मी म्हणाले आणि मान फिरवण्याचा व्यायाम दाखवला. ती माझ्याकडे पाहत राहिली, काही बोलू पाहत होती. पण मी खांदे सैल सोडण्याविषयी बोलत होते.

२५ जानेवारी, शनिवार

सकाळी उठले तेव्हा काहीतरी कमी वाटले आणि ते काय हे समजायला वेळ लागला. निवृत्तींचा आवाज नव्हता. तानुबाईंनी सांगितले की तो काही दिवसांपासूनच नाही. तोडणी तोंडावर आलेली असताना हा मनुष्य आतल्या खोलीत खिडक्या लावून बसून असतो. बायांना कामे गोरक्ष सांगतो. चांगली सांगतो, शांतपणे, आणि बाया त्याचे ऐकतात.

तानुबाई निवृत्तींकडेही काम करतात; त्यांच्याबरोबर मी समाचाराला गेले. निवृत्तींनी डोक्याला आणि मानेला टॉवेल गुंडाळला होता. मला पाहून ते उठून उभे राहिले आणि अतिशय सौजन्याने बसा म्हणाले. मी मुद्दाम त्यांच्या द्राक्षांना आंबट म्हणाले. ते म्हणाले, “असतील, बाई.” उशीवर बारीक तांबूस मुंग्यांची ओळ होती. कोपऱ्यात तानुबाईंनी साखरेची चिमूट ठेवलेली दिसली. परतताना त्या म्हणाल्या, “तिकडं गोड दिलं तर मानंकडं जाणार नाय, म्हून ठेवती. पन ऐकत नाय त्या. लय हटकल्या.”

बाहेर पडताना कानाशी बारीक गुणगुण झाली. वळून पाहिले, काही दिसले नाही. दिसण्याजोगी वस्तू दिसत नसेल तर ती नाही असे म्हणता येते. जी मुळात दिसण्याजोगी नाही, तिच्या न दिसण्यावरून काहीच सिद्ध होत नाही. हे मी वर्गात दरवर्षी सांगत असे. मुलांना ते रटाळ वाटे.

३० जानेवारी, गुरुवार

भीतीविषयीचा माझा आक्षेप आज लेखी मांडून शुभांगीला दिला. तिने वाचला आणि मान्य आहे म्हणाली.

लहानपणापासून ही मुलगी माझ्याशी एकदाही सहमत झालेली नाही. सहाव्या वर्षी तिने सूर्य आपल्याभोवती फिरतो हे सिद्ध करण्यासाठी माझ्याशी अख्खी दुपार भांडण केले होते आणि जेवायला उठली नव्हती. मी मुद्दाम दुसरा आक्षेप घेतला, सपशेल चुकीचा. तोही मान्य. तिसरा तर मलाच ऐकवेना. तोही.

गोरक्ष आला होता. निबंधाच्या नोंदी आता तोच पाहतो, असे कळले. मी विचारू लागले की हे कोणी ठर— तर माझे वाक्य त्यानेच पूर्ण केले. त्याच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. जागा रिकामी होती, तो आत आला.

मी फार थकले आहे. रात्रभर झोपूनही थकवा जात नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

निवृत्ती काल दुपारी उठले आणि कोणाशीही न बोलता चालत गेले. जाताना भेटलेल्या प्रत्येकाला त्यांनी नमस्कार केला म्हणे. शेततळ्याच्या बांधाखाली पाणी पाझरते, तिथल्या सावलीत सापडले. टॉवेल सुटला नव्हता. गोरक्षने तो कोणाला सोडू दिला नाही. डॉक्टरांच्या मते हृदयविकाराचा झटका.

तानुबाईंनी भाकरी थापता थापता, माझ्याकडे न पाहता, खांदा देणाऱ्यांकडून ऐकलेले सांगितले: “डोसकं हलकं लागलं म्हनत्यात. टोपलीवानी.”

६ फेब्रुवारी, गुरुवार

वादशास्त्रात एका दोषाला वाक्छल म्हणतात: बोलणाऱ्याने शब्द एका अर्थाने वापरावा आणि ऐकणाऱ्याने दुसराच घ्यावा. हा दोष मी वर्षानुवर्षे शिकवला. ‘नवकंबल’ म्हणजे नवे कांबळे की नऊ कांबळी, हे जुने उदाहरण सांगून मुलांना हसवले.

शुभांगी म्हणाली होती, मानेला मुंग्या येतात.

आज तिच्या खोलीत गेले, उशी उचलली. खालून ओळ निघाली होती, भिंतीवरून, खिडकीच्या फटीपर्यंत. बारीक, तांबूस. मी तिला विचारले की तू तेव्हा म्हणालीस त्या मुंग्या कोणत्या. तिने शांतपणे सांगितले, “मुंग्याच, आत्या. मी मुंग्याच म्हणाले होते.”

जिथे मानेशी बारीक मुंग्या, तिथे— तिच्याच तळटीपेतले अनुमान. मीच त्याला निर्दोष म्हटले आहे.

त्याच वेळी तिला उचलून इथून नेले असते तर. मी व्यायाम शिकवला.

भावाला फोन केला. म्हणाले, शुभांगीच्या मानेला मुंग्या येत आहेत, ताबडतोब ये. तो म्हणाला, ताई, मलाही येतात, बी-बाराच्या गोळ्या घ्यायला सांग. मी समजावून सांगू लागले तसतसा त्याचा स्वर मऊ होत गेला, म्हाताऱ्या माणसाशी बोलतात तसा. वणीच्या डॉक्टरांनीही फोनवर गोळ्याच सांगितल्या. मराठीत हे वाक्य खरे करून सांगण्याची सोय नाही.

तिला नाशिकला न्यायचे. अजून ती मला ओळखते, नाव घेते. अजून सगळे संपलेले नसेल. एवढेच माझ्या हातात आहे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

गोरक्षला जीप मागितली. उद्या देतो म्हणाला. त्याच्यात द्वेष नाही. बारीक मुंग्यांमध्येही नसतो.

शुभांगीने डोक्याला पेपर लावला आहे. घडाला लावतात तसा, मानेशी नीट आवळून, पिना मारून. मी काढायला गेले तर तिने माझा हात हळूच बाजूला केला. आतून तिचा आवाज कागदी आला. तयार होईपर्यंत काढायचा नसतो, म्हणाली.

तानुबाई आज आल्या त्या दारातूनच परत गेल्या. मलाही चला म्हणाल्या. भाचीला सोडून कशी येऊ, हे त्यांना विचारले. त्यांनी साखरेची पुडी उंबऱ्यावर ठेवली.

८ फेब्रुवारी, शनिवार

जे घडले ते क्रमाने लिहिते. क्रम तरी राखला पाहिजे.

सकाळ. उन्हे अंगणात आली होती. जीप आली, चालवणारा माणूस फाटकाशी थांबला. मी शुभांगीची पिशवी भरून ओसरीवर ठेवली. ती खोलीतून आली आणि माझ्यासमोरून अंगणात उतरली. फाटकाकडे नाही. बागेकडे. शेततळ्याच्या बाजूला. मी हाक मारली. ती थांबली, कागद माझ्याकडे वळला. म्हणाली, “आत्या, मला ओल हवी आहे.” मग चालू लागली, सावकाश, घाई न करता.

अंगण लहान आहे. माझे गुडघे वाईट असले तरी मी तिला गाठू शकले असते.

मी पायरी उतरले. माशी समोर आली. एकच. तिळाहून लहान. माझ्या चेहऱ्यासमोर हवेत थांबली. तिने काहीही केले नाही. ती मला शिवली नाही.

मी मागे आले. दार लावले. खिडकी लावली. डोके दोन्ही हातांनी झाकून जमिनीवर बसले.

काचेतून शुभांगी दिसत होती. मांडवाखाली शिरली. मग सगळे घड आणि ती यांत फरक उरला नाही.

शुभांगी, तुझा सिद्धान्त बरोबर होता. माशीने कोणाला मारले नाही. नुसती आली. आक्षेप मागे घेते. भीती दिसते.

९ फेब्रुवारी

गोरक्ष येऊन दाराबाहेर बोलला. सापडली. बांधाखाली, सावलीत. त्याचा आवाज चांगला भरला आहे आता— अंगण भरून ऐकू येतो. मी दार उघडले नाही. विचारले, पेपर काढला का. तो म्हणाला, तयारच होता, हाताला लागताच निघाला. आत—

भावाला कळव, मी म्हणाले. कळवलं म्हणाला.

जीप केव्हाही देतो म्हणतो. फाटकापर्यंत चालायला हवे. अंगणातून.

१०—

त्याला म्हणाले, बाग तुझ्याकडे, निबंधही तूच पूर्ण कर. तो काही म्हणाला, मी मान्य केले. काय म्हणाला ते आठवत नाही. मान्य करायला फार बरे वाटले. किती वर्षांनी—

भांडण नाही. थकवाही नाही. डोके हलके.

दुपार

साखरेची पुडी आत आणली होती. उशीपासून दूर ठेवली, पलीकडच्या कोपऱ्यात. ओळ तिच्या बाजूने गेली. थांबली नाही.

खोली कोरडी आहे. फार कोरडी. मांडवाखाली ओल असेल—

पुन्हा

अजून लिहिता येते तोवर. हे कोणी वाचेल त्याने मी केली ती चूक करू नये. व्यायाम नको. गोळ्या नकोत. अर्थ एकच घ्यावा.

माझ्या मानेला मुंग्या येत आहेत. हे वाक्य कृपया शब्दशः—